मोज्यातलं कुसळ

उद्घाटनाचं भाषण ऐन रंगात आलं होतं आणि माझ्या डाव्या घोट्याला काहीतरी टोचलं. दिल्लीतलं थंडगार सभागृह, पाऊल रुतेल असा गालिचा, समोर पडद्यावर पृथ्वीचा निळा गोळा. अशा ठिकाणी डास नसतो, विंचू तर नाहीच नाही. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा मी कागद पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो, बूट अर्धा काढला आणि मोज्यात बोट घातलं. निघालं कुसळ. बार्शीटाकळीकडच्या बरडावरचं, हजारावर किलोमीटर विनातिकीट आलेलं.

आपल्या भाषेत कुसळ नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यात असतं आणि आपल्या डोळ्यात असतं ते मुसळ. मोज्यातल्या कुसळाबद्दल एकही म्हण नाही. म्हणी करणारी माणसं बहुधा मोजे घालत नसावीत.

ते कुसळ मी टाकून दिलं नाही. गळ्यात अडकवलेल्या ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात, माझ्या नावाच्या मागे, सरकवून ठेवलं. ओळखपत्रावर माझं नाव, त्याखाली 'अमरावती, महाराष्ट्र' आणि त्याखाली 'प्रतिनिधी' असं छापलं होतं. कुणाचा प्रतिनिधी, ते छापलेलं नव्हतं. आता निदान पाकिटात काहीतरी होतं.

आमची संस्था सहा माणसांची. अमरावतीत दीड खोलीचं ऑफिस, दोन मोटारसायकली, एक दुर्बीण आणि दुरुस्तीला टाकलेली दुसरी दुर्बीण. अशी संस्था असणं अमरावतीत काही विशेष नाही. आमच्याकडे दर चौथ्या घरात कवी आणि दर दहाव्या घरात पक्षीमित्र सापडतो. काही घरांत एकच माणूस दोन्ही कामं बघतो. कारण उघड आहे. उत्तरेला मेळघाट पसरलेला. देशात व्याघ्र प्रकल्प 1973 साली सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या दोन पिढ्या वाघ न बघता वाघावर बोलण्यात तरबेज झाल्या आहेत. मेळघाटात वाघ दिसत नाही, तो आपल्याला बघतो, हे वाक्य प्रत्येक अमरावतीकर पाहुण्याला ऐकवतो आणि वर चिखलदऱ्याची कॉफी पाजतो.

तर या संस्थेला पत्र आलं. निसर्गाच्या पुनरुज्जीवनावर राष्ट्रीय संमेलन, दिल्लीत, नोव्हेंबर महिन्यात, दोन जागा. नोव्हेंबर म्हणताच आमच्या सचिवांनी कपाळाला हात लावला. 5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारखेला सालिम अलींचा. त्या आठ दिवसांत आम्हाला तेरा शाळांत जाऊन चिमणी आणि रानचिमणी यांतला फरक सांगायचा असतो. पण 'राष्ट्रीय' या शब्दात मोठी ताकद असते. शाळा पुढे ढकलल्या गेल्या. चिमण्यांनी हरकत घेतली नाही.

एक जागा माझी, कारण इंग्रजीत अहवाल मी लिहितो. दुसरी अकोल्याच्या आमच्या कार्यकर्त्याची. त्यांना मी इथे अकोलेकरच म्हणतो. नाव छापून आलेलं त्यांना आवडत नाही. ते फासेपारध्यांच्या एका बेड्यासोबत, म्हणजे वस्तीसोबत, चाळीसेक एकर ई-क्लासची जमीन राखतात. ई-क्लास हा शब्द वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला विमानाच्या तिकिटासारखा वाटेल. तो आमचा महसुली शब्द आहे: सरकारी चराईची जमीन, बाकीचे लोक गायरान म्हणतात ती. अकोला-वाशीमकडच्या बरड माळांवर 'संवेदना'सारख्या संस्थेने पारध्यांना सोबत घेऊन गवत आणि तणमोर पक्षी राखण्याचं काम पूर्वीच करून दाखवलं आहे. आम्ही त्यांच्या मागून त्याच वाटेने चालणारे. जो समाज पिढ्यान् पिढ्या तितरांना फासे लावत आला, त्याच्याइतकं गवतातलं कुणाला कळणार? तितूर कुठून निघेल हे ज्याला ठाऊक, त्यालाच तो कुठे अंडी घालेल हेही ठाऊक.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या माळावर गेलो होतो; कुसळ तिथलंच. पवन्या, मारवेल, कुसळी, सगळं पिकून कमरेला आलेलं. बेड्यावरचे एक म्हातारे बाबा बांधावर बसले होते.

"दिल्लीले कायले चालले भाऊ?"

"सभा आहे बाबा. निसर्ग परत कसा आणायचा, त्याची."

बाबांनी थोडा विचार केला. "कुठं गेला होता थो?"

मला उत्तर सुचलं नाही. अकोलेकरांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे असं पाहिलं की, सांगा आता.

अकोलेकर अकोल्याहून अमरावतीला आले ते त्या प्रसिद्ध रस्त्याने. 2022च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटरचा एका मार्गिकेचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात आमची नोंद झाली. वऱ्हाडातल्या माणसाला तेव्हापासून 105 तास 33 मिनिटं हा आकडा स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पाठ आहे. अकोलेकर बसमधून उतरले ते हिशेब करतच उतरले. पाच दिवसांच्या आत पाऊणशे किलोमीटर रस्ता. आमच्या चाळीस एकरांत गवत नीट धरायला सहा पावसाळे. "भाऊ, आपून लय हळू काम करून रायलो," म्हणाले. पुढे एसटीने नागपूर आणि नागपूरहून रेल्वे. पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या बागा, मग बैतूल, मग सातपुड्याचे घाट. घाटात अंधार पडला आणि खिडकीतून बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा अकोलेकरांनी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा काढला.

दिल्लीची सकाळ म्हणजे दुधात राख कालवल्यासारखी. बाहेर माणसं तोंड बांधून चाललेली आणि आत निसर्गाचं पुनरुज्जीवन चाललेलं. यावर विनोद करणं फार सोपं आहे. तिथे आलेल्या प्रत्येकाने तो केला, म्हणून मी करत नाही.

संमेलन वाईट नव्हतं, हे आधी सांगतो. लडाखपासून केरळपर्यंतची माणसं आली होती. बहुतेक आमच्यासारखीच: उन्हाने रापलेली, नव्या शर्टाची घडी न मोडलेली, चहाच्या वेळी एकमेकांना मोबाईलवर गवताचे, कासवांचे, तळ्यांचे फोटो दाखवणारी. खरं संमेलन चहाच्या टेबलाभोवतीच भरलं होतं. सभागृहात त्याचं मध्यंतर होत होतं. गुजरातच्या एका बाईंनी मला आगीची जाळरेषा कधी काढावी ते पाच मिनिटांत समजावलं, तेही माझं तोडकं हिंदी सांभाळून. तेवढ्यानेच आमच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले.

जेवणात भरडधान्याचा उत्सव होता. चकचकीत ताटलीत ज्वारीची दुमडलेली, आत कोशिंबीर भरलेली काहीतरी वस्तू आली. अकोलेकरांनी ती वरून, खालून, बाजूने पाहिली. वाढणाऱ्या मुलाने परदेशी नाव सांगितलं. अकोलेकर गंभीरपणे म्हणाले, "हे तं आपली भाकरच होय, वाकडी झाली फक्त." मग चार खाल्ल्या. ठेचा पिशवीत होताच.

दुपारी गटचर्चा. प्रत्येकाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या. 2050 सालचं आपलं स्वप्न एका ओळीत लिहून भिंतीवर चिकटवायचं. आसपास लोक 'लवचीक परिसंस्था', 'समावेशक भूदृश्य' असं काहीबाही लिहीत होते. अकोलेकरांनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'पाऊस वेळेवर यावा.' ती चिठ्ठी चर्चा चालवणाऱ्या मुलीने मोठ्या आदराने उचलली आणि 'हवामान अनुकूलन' या मथळ्याखाली लावली. अकोलेकर संध्याकाळपर्यंत अधूनमधून जाऊन आपली चिठ्ठी खाली पडली नाही ना, ते बघून येत होते.

मला आमच्या गाडगेबाबांची आठवण येत होती. बाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांची समाधीही अमरावतीतच. ते गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडून काढत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही स्वतः कमी सांगत, लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच वदवून घेत. आपल्या संमेलनांचा क्रम उलटा आहे. आधी कीर्तन होतं. झाडायला रात्री दुसरेच लोक येतात.

आकडे मात्र दोन्ही दिवस पाऊस पडावा तसे पडत होते. 2021 ते 2030 हे संयुक्त राष्ट्रांचं परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक. 2022च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये जगाने ठरवलं की 2030पर्यंत बिघडलेल्या परिसंस्थांपैकी निदान 30 टक्क्यांवर दुरुस्तीचं काम सुरू झालेलं असेल. भारताने 2019 साली 2 कोटी 60 लाख हेक्टर नापीक झालेली जमीन 2030पर्यंत सुधारण्याचा शब्द दिला. हे आकडे ऐकताना छाती फुगते; मग आपले चाळीस एकर आठवतात आणि ती पुन्हा जागेवर येते.

माझी शंका आकड्यांबद्दल नाही. शंका आहे ती 'बिघडलेली जमीन' कोणती हे ठरवणाऱ्या डोळ्याबद्दल. आपल्याकडे झाड नसलेली जमीन म्हणजे ओसाड, अशी एक ठाम समजूत आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून निसर्ग म्हणजे दोन डोंगर, एक सूर्य आणि झाड. गवत काढायचं तर खाली दोन हिरवे फटकारे. त्यामुळे वृक्षारोपणाचं लक्ष्य आलं — 2019 साली महाराष्ट्रात ते 33 कोटींचं होतं — की मोकळी जमीन शोधत माणसं निघतात आणि सगळ्यात मोकळी दिसते ती ई-क्लास. तिथे खड्डे पडतात. खड्ड्यात रोप जातं. रोप कधी जगतं, कधी नाही. पण खड्डे खणताना निघालेल्या गवताच्या मुळ्या तर जातातच. तणमोराचं नावच बघा, तण आणि मोर. पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो, क्षणभर दिसतो, पुन्हा गवतात बुडतो. दिवसात शेकडो वेळा. मादीने बघावं म्हणून हा सगळा आटापिटा. त्यातलं तण काढलं तर उडी कशातून मारायची? आणि सरळ झाडांच्या रांगेत तो येत नाही. त्याला सावली नको, मोकळं आभाळ हवं.

गवताबद्दल बोलायचं तर मेळघाटाइतकं चांगलं पुस्तक नाही. अकोटच्या बाजूची बोरी, कोहा, कुंड ही गावं पंचवीसेक वर्षांपूर्वी मेळघाटातून बाहेर हलवली. मागे राहिलेल्या शेतांवर हळूहळू कुरणं उभी राहिली, सांबर-चितळं चरायला आली. आमच्याकडचे प्राध्यापक गजानन मुरतकर यांनी कोणतं गवत कुठे धरतं याचा अभ्यास करून ते ज्ञान दुसऱ्या व्याघ्र प्रकल्पांपर्यंतही नेलं. संमेलनात अशा उदाहरणांवर टाळ्या पडतात आणि पडाव्यातही. पण टाळी वाजवताना माझा हात जरा अडखळतो. गाव उठवून आलेलं गवत आणि गावाने राखलेलं गवत, ही दोन वेगळी गवतं आहेत, मुळं सारखी असली तरी. म्हणून मला मेळघाटाच्या पायथ्याचं पायविहीर जास्त जवळचं वाटतं. त्या लहानशा कोरकू गावाला सामूहिक वनहक्कात 190 हेक्टरांहून अधिक जंगल मिळालं. 'खोज' संस्थेची साथ होती. लोकांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी स्वतःवर घालून घेतली, सीताफळं विकली, आणि 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्या गावात आला. चराईबंदी घालणारी माणसं तीच, ज्यांच्या बकऱ्या उपाशी राहणार होत्या.

आणि रानपिंगळा! 1884नंतर हे घुबड शास्त्रज्ञांच्या हाती लागलंच नाही; नामशेष म्हणून त्याच्यावर पाणी सोडलेलं. 1997 साली ते शहाद्याजवळ सापडलं. पुढे मेळघाटात तर चांगली वस्तीच निघाली. एकशे तेरा वर्षं रानपिंगळा सागाच्या फांदीवर भर दिवसा बसून होता आणि आपण संपलोय हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. बांधावरच्या बाबांचा प्रश्न इथे आठवतो. कुठं गेला होता थो?

दुसऱ्या दिवशी आमचं सादरीकरण. वेळ तीन मिनिटं, मग घंटा. वऱ्हाडी माणसाला तीन मिनिटं रामराम करायलाच लागतात. मी चित्रं दाखवणार आणि अकोलेकर बोलणार, असं ठरलं होतं. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं, पण ऐन वेळी ते वऱ्हाडीतच सुरू झाले.

"आमी काई केलं नाई," ते म्हणाले. "गुरं सोडली नाई. आग लागू देली नाई. झाड लावलं नाई. गवत आलं."

एवढं बोलून थांबले. घंटेला अजून अडीच मिनिटं होती. सूत्रसंचालकांनी विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? म्हणजे पद्धतीचं नाव काय?

"राखण," अकोलेकर म्हणाले.

त्याचं भाषांतर करायची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी गडबडलो. संरक्षण म्हणावं तर त्यात बंदूक आली, व्यवस्थापन म्हणावं तर खुर्ची आली. राखणदार शेतात बसलेला असतो, फार काही करत नाही, पण तो उठून गेला की दहा मिनिटांत गुरं आत शिरतात. अशा वेळी चितमपल्ली हवे होते असं वाटलं. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणणारा, मेळघाटाच्या रानात नोकरी केलेला माणूस. 2025च्या जूनमध्ये गेले. ते असते तर त्यांनीही बहुधा 'राखण' हा शब्द तसाच ठेवला असता.

उरलेल्या वेळेचं काय करायचं? मी ओळखपत्राच्या पाकिटातून कुसळ काढलं. ही आमची नायिका, म्हणालो, कुसळी. हिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'काँटॉर्टस', म्हणजे पिळलेली. मग टेबलावरच्या बाटलीतलं थेंबभर पाणी बोटाने तिच्या पिळाला लावलं आणि तळहात पुढच्या रांगेसमोर धरला. कुसळ फिरायला लागलं. पीळ सुटत गेला तसं ते घड्याळाच्या काट्यासारखं गोल वळलं. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बियाणं गिरमिटासारखं मातीत उतरतं. टोकाशी मागे वळलेले केस असतात, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येत नाही. माती नसली तर मोजा चालतो. मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे आली. कुणीतरी मोबाईलवर चित्रफीत काढली. घंटा वाजवणारी मुलगी घंटा विसरली. वृक्षारोपणात खड्डा खणायला मजूर लागतो. ही बाई आपला खड्डा आपणच खणते, तोही बेताचाच.

परत आलो. अकोलेकर बडनेऱ्यालाच उतरून तसेच अकोल्याला गेले. त्या गालिच्यापेक्षा त्यांना आपली बाज बरी. आता माझ्यापुढे दोन कागद होते. पहिला, प्रवासखर्चाचं बिल. दुसरा, आम्हाला वर्षभर पैसे देणाऱ्या एका कंपनीचा प्रगती-तक्ता. किती रोपं लावली, किती खड्डे खणले, किती जगली, किती मजुरांना काम मिळालं. चाळीस एकरांसमोर मी शून्य, शून्य, लागू नाही, शून्य असं लिहीत गेलो आणि तो तक्ता आमच्याच नाकर्तेपणाचा पंचनामा दिसायला लागला. किती खड्डे खणले नाहीत, असा रकाना त्यात नव्हता. किती दिवस कुणीतरी बांधावर बसून होतं, असाही नव्हता. शेवटी 'अन्य' या रकान्यात मी लिहिलं: गवत कमरेपर्यंत. दोनच दिवसांत फोन आला. सेंटिमीटरमध्ये द्या म्हणाले. मी अकोलेकरांना विचारलं, त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी उलट विचारलं, "कोनाच्या कमरेपर्यंत?"

प्रश्न रास्त होता. बाबा बुटके, अकोलेकर उंच. आम्ही मधली कंबर म्हणून माझी धरली: 96 सेंटिमीटर.

माळ बघायचा असेल तर दिवाळीनंतर पंधरा दिवसांत या, अकोल्याहून एसटी मिळते. सकाळी दहाच्या आत पोचा, बांधावर बाबा असतील, त्यांना आधी रामराम घाला. आणि मोजे घालू नका. साध्या चपला बऱ्या.